मॅडमचे अठ्ठावीस दिवस

आमच्या बदकाचं नाव मॅडम. बंगल्यातून आली म्हणून मॅडम. कासार आंबोलीत पौड रस्त्यापासून आत जे शनिवार-रविवारचे बंगले आहेत, त्यातल्या एकात पप्पा बागकाम करतात. बंगलेवाल्यांनी हौसेनं बदकांची जोडी आणली होती. पण बदकं फोटोपुरती थोडीच असतात? ती घाण पण करतात. हिरवळीवर, फरशीवर, एकदा तर पाहुण्यांच्या बुटात. दिवाळी झाल्यावर ते म्हणाले, "सोमनाथ, घेऊनच जा बाबा." पप्पांनी दोघांना गोणीत घातलं, माना तेवढ्या बाहेर ठेवल्या आणि मोटरसायकलवरून घरी आणलं. गोणीतून बाहेर पडल्या पडल्या तिनं आमच्या शेळ्यांकडे असं काही बघितलं, की आई म्हणाली, "हिला खुर्ची द्यावी लागतीया आता." झालं, ती मॅडम आणि नर साहेब.

संक्रांतीनंतर मॅडम गोठ्यामागच्या पेंढ्यात रोज सकाळी गुपचूप जाऊन यायची. आम्हाला वाटलं, फिरते. एका रविवारी ती बाहेरच आली नाही. मी वाकून पाहिलं तर पेंढ्यात खळगा करून, स्वतःच्या छातीची पिसं उपटून मऊ गादी केलेली, आणि तिच्याखाली दहा अंडी! हात पुढे केला तर सापासारखी फुसकारली. मी इतकी खूश झाले की तिथंच पेंढ्यात बसकण मारली.

आता तुकाआत्याबद्दल सांगायला हवं. ती पप्पांची थोरली बहीण, शेजारीच राहते. कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंड्यांवर बसायला मागायला लागली, की अख्खी वाडी आत्याला बोलावते. अंडी ती विषमच ठेवणार, विजेच्या कडकडाटानं ती नासू नयेत म्हणून पाटीत खिळा आणि कोळसा ठेवणार, वर बांबूचं डालगं उपडं घालणार. दिवसातून एकदा डालगं उचलून कोंबडीला दाणे दाखवायचे आणि परत झाकायचं. एकविसाव्या दिवशी पिल्लं. आत्याची पिल्लं कधी चुकली नाहीत.

तिनं बदकालाही तसंच केलं. एक अंडं काढून आईला भाजीला दिलं, नऊ ठेवली आणि त्याच संध्याकाळी मॅडमवर डालगं घातलं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर गोठ्यामागं डालगं चालत होतं! खरंच, एकटंच, पेंढ्यावरून, आतून ओरडत. मी धावत जाऊन ते उचललं. मॅडम बाहेर आली ती थेट शेळ्यांच्या पाण्याच्या घमेल्यात जाऊन बसली. तिला अंघोळ हवी होती, बिचारीला. खळग्यात एक अंडं फुटलेलं होतं. उरली आठ.

"बिनडोक जात," आत्या म्हणाली. "स्वताची अंडी स्वताच तुडावती."

"आत्या, तिला कोंडलं म्हणून तुडवलं तिनं."

आई भाकरी थापायची थांबली. कारण मी आत्याला असं कधी बोललेच नव्हते. आठवीपर्यंत मी वर्गातसुद्धा तोंड उघडत नव्हते. नववीत उघडलंय, आणि आता ते मिटतच नाही, असं आई म्हणते.

"मग तूच बसीव की," आत्या फणकारली. "मी बगते."

"बसवते," मी म्हणाले. म्हणाले खरी, पण मला येत काहीच नव्हतं.

नशिबानं त्याच आठवड्यात शेळ्यांना लस टोचायला डॉक्टर आले. मी एकेक शेळी धरायची आणि एकेक प्रश्न विचारायचा, असं चाललं होतं. त्यांनी सगळं नीट सांगितलं. बदक दिवसातून एकदा-दोनदा स्वतः उठतं, अंडी पिसांनी झाकून ठेवतं, खातं, डुंबतं आणि ओलं होऊन परत बसतं. तो ओलावा अंड्यांना लागतो, नाहीतर आतला पापुद्रा सुकतो आणि पिल्लू अडकतं. नराला लांब ठेवायचं, तो तिला बसू देत नाही. आणि कोंबडीचे एकवीस दिवस, तर बदकाचे अठ्ठावीस.

"डॉक्टर, हे तेवढं आमच्या आत्याला सांगाल?"

"तुकाबाईंना?" त्यांनी घाईघाईनं पेटी बंद केली. "तूच सांग. मला अजून खालच्या आळीत जायचंय."

मग मी कामाला लागले. पप्पांनी बंगल्यावरची उरलेली जाळी आणली. ती आम्ही पेंढ्याभोवती ठोकली आणि खाली विटा रचल्या, कारण आमच्याकडे मुंगूस दिवसाढवळ्या अंगण ओलांडतं. वर पत्रा, पत्र्यावर गोणपाट, म्हणजे दुपारी तापायला नको. जाळीला दार होतं. मॅडम दारापाशी येऊन "क्वॅक" म्हणाली की उघडायचं, ती डुंबून आली की लावायचं. मी शाळेत असताना हे काम आईचं. "पोरगी शाळंत आन् मी हिची शिपाई," असं आई म्हणायची, पण एकदाही चुकली नाही. साहेबाला कोंबड्यांच्या खुराड्यात ठेवलं, तिथं एका कोंबड्यानं त्याला पहिल्याच दिवशी शिस्त लावली.

मॅडम ओलीचिंब होऊन अंड्यांवर बसली की आत्या कुंपणावरून ओरडायची, "वली बसली गं! अंडी गारठली!" मी ओलाव्याचं सांगायचे. ती म्हणायची, "व्हय व्हय, डाक्टरीणबाय."

एकविसावा दिवस रविवारीच आला. दिवसभर आत्या तीनदा येऊन कान लावून गेली. अंड्यांतून हूं की चूं नाही. सोमवारी शाळेत माझं लक्ष नव्हतं. मंगळवारी सुट्टी होती. दुपारी मॅडम नुकतीच डुंबायला गेली होती आणि आत्या बादली घेऊन आली. पदर खोचलेला.

"सर बाजूला."

"कशाला?"

"नासली ती. दोन दिस वर झालं. आता एक जरी फुटलं तर वासानं गोठ्यात उभं ऱ्हावणार न्हाई. आन् त्या मुक्या जीवाकडं बग जरा! निम्मी झालीया. मेलेल्या अंड्यांवर बसून मरंल ती."

ती खोटं बोलत नव्हती. मॅडम खरंच वाळली होती. पाण्यात बसली होती तर मागची हाडं दिसत होती. डॉक्टर चुकले असतील तर? मीच ऐकताना चुकले असेन तर? आत्याच्या हातून आजवर किती पिल्लं निघाली असतील, आणि माझ्या हातून एकही नाही.

पण मी बादलीचा काठ धरला. "अजून पाच दिवस, आत्या. बदकाला अठ्ठावीस लागतात."

"डाक्टरनं किती कोंबड्या बसवल्यात?"

"तू किती बदकं बसवलीस?"

हे तोंडातून निघून गेलं. आत्या बादली ओढतेय, मी ओढतेय, आणि पाण्यातून मॅडम दोघींकडे बघतेय. आई दारातून म्हणाली, "सृष्टे, बादली तुटंल."

मग मला एकदम सुचलं. "एक अंडं बघू. आत जिवंत नसलं तर मी स्वतः सगळी टाकते. शप्पथ. उजेडावर धरलं की आतलं दिसतं."

"ह्या उन्हात?"

"अंधार करू की. मामांची घोंगडी दे."

आत्याचे मालक धुळाजीमामा मेंढरं राखतात. त्यांची काळी घोंगडी म्हणजे पाऊस, थंडी, अंथरूण, पांघरूण, सगळंच. ते अंगणात तिच्यावरच पडले होते. ते उठले, काही न विचारता घोंगडी दिली आणि नुसत्या जमिनीवर परत आडवे झाले.

मॅडम डुंबून परत यायला जेमतेम वीस मिनिटं लागायची. आम्ही पेंढ्याशेजारी बसलो आणि घोंगडी डोक्यावरून ओढली. आत मेंढरांचा वास, आत्याच्या मिश्रीचा वास आणि मिट्ट काळोख. मी पुठ्ठ्याला छोटं भोक पाडून तो मोबाइलच्या टॉर्चवर धरला आणि भोकावर हळूच अंडं टेकवलं.

अंडं पेटल्यासारखं झालं. वरच्या बाजूला हवेची पिवळट पोकळी, तिच्याखाली सगळं काळं. काठाला बारीक लाल शिरा.

"काळं पडलंय बग," आत्या पुटपुटली. "सांगत हुते."

"थांब."

"काय थांब? घाम फुटला मला."

"आत्या, गप की दोन मिनिटं!"

तिनं पदरानं तोंडावरचा घाम पुसला. मी अंडं तसंच भोकावर धरून ठेवलं. आणि काळ्याचा काठ हलला. आधी थोडासा. मग आतून कुणीतरी लाथ मारावी तसा, टुणकन.

"अगं बाय!" आत्या ओरडली. "लाथ! लाथ मारली त्यानं! परत धर, परत!"

बाहेरून मामांचा आवाज आला, "कोन कुनाला मारतंय?"

आता आत्याच थांबेना. "दुसरं दे. आता ते दे." आठही पाहिली. सात हलत होती. एक मात्र नुसतं पिवळं, आरपार दिसणारं, त्यात कधी काही धरलंच नव्हतं. ते आत्यानं बाजूला ठेवलं. शेवटचं अंडं मी खळग्यात ठेवतेय तोच मॅडम आली आणि घोंगडीखालून निघालेल्या आम्हा दोघींवर अशी फुसकारली, की आत्या चक्क म्हणाली, "चुकलं बाई, चुकलं."

बादली तिनं धुऊन भरली आणि मॅडमच्या डुंबायच्या घमेल्यात रिकामी केली.

सत्ताविसाव्या दिवशी, शनिवारी सकाळी, दोन अंड्यांना चीर गेली. आतून बारीक टकटक. दुपारी पाहिलं तर चीर तेवढीच. संध्याकाळीही तेवढीच. मला राहवेना. नखानं एवढंसं टरफल काढलं तर त्या बिचाऱ्याची सुटका होईल, असं वाटून मी हात घातला, तर आत्यानं मनगट धरलं.

"न्हाई. रगत हाय आत अजून. वडलंस तर मरंल. ज्याचं त्यानं यायचं."

"पण दमलं असेल गं!"

"दमू दे. दमून निजतंय, उटून परत ठोकतंय. कोंबडीचं असू दे न्हाईतर बदकाचं."

हे तिला माहीत होतं, मला नव्हतं. मी हात काढून घेतला.

आणि रविवारी जेवणाच्या वेळेपर्यंत सातही आली! ओली, चिकट, चोच मोठी आणि अंग नसल्यासारखं. तासाभरात वाळून त्यांचे झाले पिवळे गोळे. मी एवढी नाचले की खुराड्यातला साहेबही ओरडायला लागला. आत्या वाडीभर सांगून आली, "आमच्या सृष्टीनं बसीवलं." मी पण ऐकलं, कुंपणाआडून.

सोमवारी मी दप्तर घेऊन निघणार, तेवढ्यात मॅडम उठली. जाळीतून बाहेर पडली आणि सात पिल्लांची रांग मागं घेऊन, घमेल्याकडे ढुंकूनही न बघता, सरळ रानाकडे निघाली. पप्पांनी कांद्याला पाणी सोडलं होतं आणि पाट भरून वाहत होता.

"अगं धर, धर त्यांस्नी!" आत्या लुगडं सावरत धावली. "कालची पोरं ती! बुडतील!"

मी तिच्या मागं पळाले. "आत्या, ती बदकं आहेत!"

"असू देत! लई खोल हाय!"

मॅडम पाटात उतरली. पहिलं पिल्लू काठावर थबकलं, मग धपकन पडलं. आत्यानं डोळे मिटले. दुसरं पडलं, तिसरं पडलं.

"गेली का?" तिनं डोळे न उघडता विचारलं.

"बघ तरी!"

तिनं एक डोळा उघडला. सातही पिल्लं पाण्यावर फुलांसारखी तरंगत होती, शेपट्या हलवत, आईच्या मागं. आत्या घोटाभर चिखलात उभी राहून हसायला लागली. थांबेचना. मला म्हणाली, "शाळा बुडंल गं तुजी," आणि माझा हात मात्र सोडला नाही.