हाडात बसलेली जाऊबाई

"भूत दाखवा आणि माझी बुलेट घेऊन जावा," असं मी बोरगावच्या बसस्टँडवर चारचौघांत सांगितलं. हायस्कूलला विज्ञान शिकवतो, असं बोलायला लागतंय. त्याच दिवशी दिवेलागणीला शेजारच्या गोमटेशआप्पांच्या सोप्यातनं मी अनवाणी पळालो.

सोपा माणसांनी खच्चून भरलेला. मधी पाटावर आप्पांची बायको, राजमतीआक्का. रवळू देवरुषी एक पिवळं यंत्र एकेकाच्या छातीपुढं धरत होता. माझ्यापुढं गप्प. आप्पांपुढं गप्प. आक्कांजवळ नेलं आणि टक्... टक्... टकटकटक. कोण हालंना. दिव्याची वात तेवढी थरथरली.

"मेलेली थोरली जाऊबाई हाय," रवळू म्हणाला. "हाडात बसलीया. परदेशी मशीन, आत्म्याचे ठोके मोजतंय. तीन दिवस विधी करतो, गप जाईल. पण सोमवारी सुई टोचली तर चवताळंल."

सोमवारची सुई म्हणजे आक्कांच्या कॅन्सरच्या औषधाचा पहिला डोस.

"मी जाणार," आक्का म्हणाल्या.

"न्हाय," आप्पा म्हणाले. "वहिनी लई रागीट होती."

मी तिथनंच पळालो. आक्कांनी मात्र पुतणीला फोन लावला. सकाळी बेळगावहून रूपाली आली, तवा चपला न्यायला म्हणून मीबी गेलतो. रवळू विधी मांडून बसलेला, माणसंबी जमलेली. ती दवाखान्यात स्कॅनची औषधं तयार करती. एका आंतरराष्ट्रीय संस्थेनं तिला हे काम शिकायला परदेशी धाडलं होतं. स्कॅनच्या कॅमेऱ्यालाबी मदत त्यांचीच.

"काकू, काल स्कॅनचं इंजेक्शन घेतल्यावर भरपूर पाणी पी म्हटलं होतं. प्यालीस?"

"घरी पोचायलाच दिवस बुडाला. मग कसं पिणार गं?"

जैनांचं घर. दिवस बुडाला की पाण्याचा घोटसुद्धा न्हाय.

"म्हणून जाऊबाई मुक्कामाला राहिल्या व्हय," रूपाली म्हणाली. तिनं काकूला तीन तांबे पाणी पाजलं. थोड्या वेळानं आक्का संडासला जाऊन आल्या.

"आत पाणी ओतू नका," रूपाली म्हणाली. "रवळूअण्णा, दारातनंच मशीन आत धरा."

"तिथं? विटाळ हुतोय."

"भुताला चालतंय, तुम्हाला न्हाय व्हय?"

लोकांनीच त्याला ढकललं. आक्कांजवळ सावकाश वाजणारं यंत्र संडासाच्या दारात ताशासारखं कडाडलं. आप्पा तिकडं तोंड करून हात जोडून उभे राहिले.

"आप्पा, ते औषध हाय," रूपाली म्हणाली. "हाडाकडं जाणाऱ्या औषधाला आम्ही किरण सोडणारा अणू चिकटवतो, म्हणजे ते कुठं साठलं ते कॅमेऱ्याला दिसतंय. उरलेलं लघवीतनं जातंय. हे मशीन तेच किरण मोजतंय. किरणबी दर सहा तासाला निम्मे हुत्यात. तीन दिवसांत मशीन आपोआप गप्प. हाच ह्यांचा विधी."

मग रवळू कबूल झाला. दवाखान्याच्या गेटवर चहा पीत बसायचा, स्कॅन करून कोण आलं ते हेरायचा. यंत्र भंगारातलं.

यंत्र वाजलं तर वाजू दे. ते काय मोजतंय, एवढं विचारा. विचारायला कोण धजलं न्हाय, म्हणून एका बाईचं औषध थांबत होतं. विचारायचं काम माझं होतं.

सोमवारी आक्कांना सुई लागली. त्या गप बसून होत्या. सुई बघून आप्पाच चक्कर येऊन पडले. कपाळाला चार टाके घातले.