चूक माझीच

"टाके घालू नका, डॉक्टर. एक मॉप कमी आहे."

सर्जनचा हात थबकला. मास्कच्या वर त्याचे नुसते डोळे दिसत होते, तरी वैताग लपत नव्हता. "नीट मोजा, सिस्टर."

"तीनदा मोजले. पंधरा घेतले होते, चौदाच हाती लागतायत."

मॉप म्हणजे रक्त टिपायचं, एक्स-रेत दिसणारा धागा विणलेलं हातरुमालाएवढं जाड कापड. पोटात एक जरी राहिलं, तर शिवलेलं पोट पुन्हा उघडायची पाळी येते. मग शोधाशोध सुरू झाली. बादल्या उपड्या केल्या, टेबलाखाली वाकून पाहिलं, शेवटी पोटाचा एक्स-रे काढला. पोट स्वच्छ होतं. मॉप सापडला तो पेशंटच्या सलाईनच्या हाताखाली. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी हाताला टेकू म्हणून सुरुवातीला एक मागितला होता. तो सिस्टरनेच उचलून दिला होता आणि फळ्यावर लिहायला विसरली होती. चाळीस मिनिटं फुकट गेली होती.

"चूक माझी," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "मी दिला आणि नोंद केली नाही."

सर्जनने टाके घालायला घेतले. नंतर हात धुताना तिला मागून कुजबूज ऐकू आली. "अठ्ठावन्न झाली ना त्यांना? आणि त्या गोळ्या पण घ्यायच्या म्हणे."

चहाच्या वेळेपर्यंत बातमी मेट्रनबाईंकडे पोचली होती. त्या तिच्यापेक्षा आठ वर्षांनी लहान, स्वभावाने सरळ. कागद पुढे सरकवत म्हणाल्या, "एक तारखेपासून कपड्यांच्या भांडारात बसा. तिथे दगदग नाही. शिक्षा समजू नका, काळजीपोटी सांगतेय. पुढच्या सोमवारी सही करून आणा."

घरी नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढला. "मी तेव्हाच सांगत होतो. त्या गोळ्यांनी तुझं डोकं पोखरलं."

"तुम्ही तेव्हा घोरत होतात," ती म्हणाली.

एकोणपन्नासाव्या वर्षी तिची पाळी थांबली आणि अंगात भट्टी पेटली. ऑपरेशनचा गाऊन चढवला की पाठीवरून धारा लागायच्या, हातमोज्यांत पाणी साचायचं. रात्री दोन-दोन तास झोप, आणि सकाळी कात्री मागितली तर हातात चिमटा. मोठ्या इस्पितळात बायकांवर एक अभ्यास चालू होता. तिने नाव घातलं. निम्म्या बायकांना हार्मोनच्या गोळ्या, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या बिनऔषधाच्या. कोणाला काय ते चार वर्षांनी सांगणार होते. तिला मात्र महिन्याभरातच कळलं. ती झोपायला लागली होती.

तेव्हापासून नवरा वर्तमानपत्रातली कात्रणं जपून ठेवायचा. या गोळ्यांनी विसर पडतो, असं एकात होतं. स्मरणशक्ती वाढते, असं दुसऱ्यात होतं. ते त्याने ठेवलं नव्हतं.

फोनवर मुलगी म्हणाली, "आई, आता पुरे झालं गं. कोणाला काय सिद्ध करून दाखवायचंय तुला?"

"बघू," म्हणून तिने फोन ठेवला. खरं तर ती स्वतःही धास्तावली होती. हल्ली बोलता बोलता एखादा शब्द निसटायचा. भांडी घासताना ती मनातल्या मनात लेकीचा फोन नंबर उलटा म्हणून पाहायची, आणि बरोबर आला की सुटकेने नळ जोरात सोडायची.

त्याच आठवड्यात अभ्यासवाल्यांची शेवटची तपासणी होती; गोळ्या थांबून पाच वर्षं झाली होती, तरी त्यांनी बायकांवर लक्ष ठेवलं होतं. ती एकटीच गेली. दीड तास शब्दांच्या याद्या पाठ करणं, आकडे उलटे म्हणणं, चित्रं आठवून काढणं चाललं. दोन शब्द काही केल्या आठवेनात. तरुण डॉक्टरीणबाईंनी पहिल्या वर्षीचा, चौथ्या वर्षीचा आणि आजचा असे तिन्ही कागद शेजारी मांडले.

"काकू, वयाप्रमाणे थोडा वेग कमी झालाय. बाकी छान आहे."

"आणि गोळ्यांचं काय?"

"आमच्या अभ्यासात तरी दोन्ही गटांत फरक दिसत नाही. पाळी जाताना सुरू केलेल्या, चार वर्षं घेतलेल्या, तुमच्यासारख्या धडधाकट बायकांपुरतं बोलतेय हं. उशिरा सुरू करणाऱ्यांबद्दल मी छातीठोक सांगणार नाही."

"म्हणजे तोटा नाही."

"स्मरणशक्तीला तोटा नाही, तसा फायदाही नाही."

"फायदा नाही कसा?" ती पर्स उचलत म्हणाली. "चार वर्षं झोपले मी."

घरी अहवाल वाचून नवरा खूश झाला. "हा मेट्रनच्या तोंडावर फेक. प्रश्नच मिटला."

"नाही दाखवणार."

"अगं, तुझ्याच बाजूने आहे ना हा?"

"आज मी दाखवला, की उद्या पन्नाशीच्या प्रत्येक बाईकडे असा कागद मागतील. सर्जनचा हात थरथरायला लागलाय, त्याच्याकडे मागितला कोणी?"

सोमवारी तिने बदलीचा कागद कोराच परत नेला.

"सही नाही?" मेट्रनबाईंनी विचारलं.

"बत्तिसाव्या वर्षी मी एक आख्खी कात्री चादरीत गुंडाळून धुलाईला पाठवली होती. वरिष्ठांनी झापलं, आठ दिवस माझी प्रत्येक मोजणी तपासली आणि सोडून दिलं. माझं वय नाही विचारलं, की मी काय गिळते तेही नाही. आताही तसंच करा. लेखी ताकीद द्या, मी घेईन. महिनाभर माझ्यासोबत दुसरी सिस्टर मोजायला उभी करा. पुन्हा चुकले तर स्वतःहून भांडारात जाईन. पण चुकीची शिक्षा द्या, वयाची नको."

मेट्रनबाईंनी कागद उचलला. मग त्यांनी तो उभा-आडवा फाडला आणि ताकीदपत्राचा छापील नमुना ओढून भरायला घेतला. एकही शब्द सौम्य केला नाही. तिने उभ्या-उभ्या वाचून सही केली.

ती दाराशी पोचली तेव्हा मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, म्हणून ती वळली. बाहेर कडाक्याची थंडी होती, आणि मेट्रनबाईंनी खिडकीची दोन्ही दारं सताड उघडली होती. त्यांचा गळा, कानशिलं लालबुंद झाली होती. ताकीदपत्राच्या कार्बन प्रतीने त्या वारा घेत होत्या.

"दार लावून घ्या जरा," त्या तिच्याकडे न बघता म्हणाल्या. "तुम्हाला... किती दिवसांत झोप यायला लागली होती?"

सिस्टरने दार लावलं, खुर्ची ओढली आणि त्यांच्यासमोर बसली.