रामाकोन्याची माती

माझ्या सासूबाईंना कोणी नाव ठेवलेलं चालत नाही. स्वतःला नाही, घराला नाही, आणि घरामागच्या भाजीच्या तुकड्याला तर मुळीच नाही. पांढुर्ण्यात आमच्या गल्लीत एवढा हिरवा पालक कोणाकडे नाही, हे त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. मला सातवा महिना आहे, त्यात रक्त कमी; त्यामुळे तो पालक रोज माझ्या ताटात. पालकाची भाजी, पालकाचं वरण, पालकाचे पराठे. मी कुरकुरले की म्हणतात, "बाजारच्या विषापेक्षा घरचं बरं."

म्हणूनच त्यांची भाची हिमानी चहा पिता पिता जे बोलली, ते त्यांना झोंबलं. हिमानी कृषी महाविद्यालयात शिकते आणि शहरातल्या परसबागांची माती तपासणं हे सध्या तिचं काम आहे. ती म्हणाली, "आत्या, तुह्या या जागेवर पयले बॅटरी दुरुस्तीचं दुकान होतं ना? असल्या जागी मातीत शिसं राहते. पालेभाजी ते वढून घेते. पोटातल्या लेकरासाठी ते चांगलं नाई. येत्या रविवारी माती घेऊन जातो मी."

"ने ना. माह्या मातीत काही खोट नाई," सासूबाई म्हणाल्या आणि कप उचलून आत गेल्या.

शनिवारी दारात छोटा हत्ती टेम्पो थांबला. सासूबाईंचे भाऊ, म्हणजे हिमानीचे वडील गुणवंतामामा, संत्री मंडीत टाकायला आले होते. त्यांनी आपल्या गावाहून, रामाकोन्याहून, आपल्या बगीच्याची काळी माती पोत्यांत भरून आणली होती. सासूबाईंनी फोन करून मागवली होती, आणि कशाला ते भावालाही सांगितलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत त्यांनी कंबर वाकवून रिकाम्या वाफ्यांत ती वीतभर जाड पसरली, वर पाणी शिंपडलं, ढेकळं फोडली. कोपऱ्यातला पालकाचा वाफा तेवढा उभा होता.

"आई, मातीची तपासणी हाये उद्या, मातीचं लगन नाई," मी म्हणाले.

"घरी पाव्हणा येते तं आपण अंगण झाडत नाई का? तसंच हे. जराशी बरी दिसली पायजे ना."

त्यांच्या मनात फसवणूक नव्हती, हे मला तेव्हाही कळत होतं. शाळा तपासायला साहेब येणार म्हटलं की भिंती रंगवतात, मुलगी बघायला पाहुणे येणार म्हटलं की घर आवरतात. पाहणाऱ्यासमोर कळकट काही ठेवायचं नाही, ही त्यांची रीत. पण राग मला आलाच, कारण ताट माझं होतं.

रविवारी हिमानी आली. "पालक तुडवू नको व," असं आत्याने म्हटल्यावर तिने रिकाम्या वाफ्यांतूनच चार-पाच ठिकाणची माती काढली, मिसळली, पिशवीत भरली. मग चिमूटभर बोटांत चोळून म्हणाली, "काय मस्त माती हाये आत्या! आमच्या बगीच्यासारखी."

सासूबाई हसल्या. मी हसले नाही. सांगायला तोंड उघडलं होतं, पण त्यांचा उजळलेला चेहरा बघून मी न सांगताच आत गेले.

काही दिवसांनी रिपोर्ट हिमानीने फोनवर पाठवला. शिसं नावालाच, बाकी सगळं उत्तम. सासूबाईंनी तो शेजारच्या अंबाबाईंना दाखवला, वर पालकाच्या दोन जुड्या दिल्या. त्या दिवशी त्या गुणगुणत स्वयंपाक करत होत्या.

रात्री जेवायला बसलो. त्यांनी हर्षलला, माझ्या नवऱ्याला, पालकाची भाजी वाढली. स्वतःच्या ताटात घेतली. माझ्या ताटावर पळी आली आणि थांबली. तशीच ती पातेल्यात परत गेली.

"तू आज वरणच घे," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या.

"काहून? रिपोर्ट तं चांगला आला ना?"

हर्षलचा घास हातातच राहिला. त्याला काहीच माहीत नव्हतं. सासूबाई खाली बसल्या.

"साऱ्यायले वाढता आलं व," त्या म्हणाल्या. "तुह्या ताटात हातच गेला नाई."

मला वाटलं होतं, आता मी चांगली खडसावेन. झालं उलटंच. मला रडू आलं, आणि भीतीही वाटली, कारण एवढ्या दिवसांचा पालक आधीच माझ्या पोटात गेला होता. त्यांनी हर्षलच्या ताटातली भाजी काढून घेतली, स्वतःची काढली आणि हिमानीला फोन लावला. पोत्यांचं सगळं सांगितलं. एक शब्दही लपवला नाही.

सकाळी हिमानी आली ती थोडी चिडूनच. रात्रभर तिला खटकत राहिलं असणार की आपण आपल्याच बापाच्या बगीच्याची माती तपासली. "आता कुठून घेऊ, आत्या?"

सासूबाई थेट पालकाच्या वाफ्यापाशी गेल्या. "इथं खण. बॅटरीवाल्याचं टेबल इथंच होतं. बॅटऱ्यायचं सारं पाणी तो इथंच सांडे."

हिमानीने खोलवरून माती घेतली आणि मला रक्त तपासायला लगेच घेऊन जा, असं हर्षलला सांगून गेली. सासूबाईंनी दुसऱ्या रिपोर्टची वाट पाहिली नाही. पदर खोचून त्या पालक उपटायला बसल्या, मुळासकट, आणि पोत्यात भरू लागल्या.

भिंतीपलीकडून अंबाबाई डोकावल्या. "काय व नलिनीबाई, चांगला पालक उपटून राहिल्या? रिपोर्ट तं येकदम बढिया होता!"

सासूबाईंचे हात थांबले. मला वाटलं, कीड लागली म्हणतील. एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं.

"तो रिपोर्ट रामाकोन्याच्या मातीचा हाये, अंबाबाई. माह्या मातीचा अजून यायचा हाये. तुमाले देल्या त्या जुड्या शिजवल्या नसन तं फेकून द्या."

"खाल्ल्या ना व. कालच. नातवायनंबी खाल्ल्या."

सासूबाई भिंतीला हात टेकून उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा मला बघवेना.

"मी येतो तुमच्या घरी," त्या म्हणाल्या. "पोरायच्या मायले मीच सांगतो." आणि मातीचे हात तसेच घेऊन त्या फाटकाबाहेर पडल्या.