कडी नसलेलं दार

आमच्या शाळेच्या दर्शनी भागात संगमरवरी कमान आहे, कमानीवर सोनेरी अक्षरं आहेत आणि त्या अक्षरांवर दिव्यांचा झोत आहे. मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराला मात्र कडी नाही. ते दार धरलं नाही तर आपोआप सताड उघडतं. म्हणून एकीने आत जायचं आणि दुसरीने बाहेरून मूठ ओढून उभं राहायचं. वर्गात एखादी "बाई, जाऊ?" म्हणाली की तिची दारवालीही उठते. आम्हा शिक्षिकांनाही तेच दार, तेव्हा मी कोणत्या तोंडाने नाही म्हणणार? माझ्या बीजगणिताच्या तासाला निम्मे बाक ओस पडलेले असतात.

मुख्याध्यापकांना सांगून सांगून माझ्या नाकी नऊ आले. कमान त्यांचीच हौस, म्हणून सगळे त्यांना कमानसर म्हणतात. त्यांचं उत्तर ठरलेलं. "बाई, तुम्ही निकाल वाढवा. कडीने का कुठे गुणवत्ता वाढते?"

मग नववीतली पिटुकली विद्यार्थी प्रमुखाच्या निवडणुकीला उभी राहिली. नाव उंचीवरून पडलेलं आहे, आवाज ऐकलात तर दचकाल. तिने एकच वचन दिलं, कडीचं, आणि झाडून सगळ्या मुलींची मतं घेऊन निवडून आली. आता आमच्याकडची पद्धत अशी की सहामाही संपेपर्यंत वचन पाळलं नाही तर बिल्ला उतरवून पराभूत उमेदवाराला द्यायचा. तो होता दहावीतला लंबू, ज्याचं वचन होतं रोज शेवटचा तास खेळाचा. सहामाहीच्या शेवटच्या दिवशी तो सकाळपासून नवरदेवासारखा नटून हिंडत होता. पिटुकलीने विनंत्या करून पाहिल्या, सरांची पाठ सोडली नाही, पण सर बधले नाहीत. पोरीसाठी माझा जीव तुटत होता.

नेमकी त्याच दिवशी शाळेची तपासणी निघाली. अधिकारी मॅडम कडक होत्या. कमानसरांनी त्यांना कमान समोरून दाखवली, मागून दाखवली, मग प्रयोगशाळा दाखवली आणि प्रत्येक ठिकाणी चहा पाजला. व्हायचं तेच झालं. मॅडमनी हळूच माझ्या कानाशी येऊन स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारलं.

"चला मॅडम," पिटुकली कुठून तरी उगवली, "मी धरते."

"काय धरतेस?" मॅडमनी विचारलं, पण थांबण्याची सोय नव्हती. त्या आत गेल्या. आतून चाचपडल्याचा आवाज आला.

"अगं, कडी कुठेय?"

"नाहीये मॅडम. निवांत बसा, मूठ माझ्या हातात आहे. तोवर आमचा बीजगणिताचा निकाल का घसरला ते सांगू?"

होकाराची वाट न पाहता पिटुकलीने कोण कुणाचं दार धरायला जातं आणि कुणाचं कोणतं समीकरण बुडतं, ते सगळं साग्रसंगीत सांगितलं. तेवढ्यात कमानसर धापा टाकत आले आणि घंटाही झाली.

"सर, माझा तास बुडेल. जरा धरता?" असं म्हणत पिटुकलीने मूठ सरांच्या हातात दिली आणि ती पसार झाली.

सरांनी माझ्याकडे केविलवाणं पाहिलं. "बाई, तुम्ही तरी..."

"मलाही तास आहे, सर. निकाल वाढवायचाय ना?" मी म्हटलं आणि कोपऱ्यापर्यंत जाऊन थांबले. हे सोडून वर्गात जायला मी काही वेडी नाही.

"आता कोण आहे बाहेर?" मॅडमनी विचारलं.

सरांनी डोळे गच्च मिटले. "मी... मुख्याध्यापक."

आतून मॅडम ओरडल्या,

"सोडू नका!"

"छे छे, मॅडम!"

"आणि मी बाहेर येईन तेव्हा मला तिथे सुतार दिसला पाहिजे."

एका हाताने मूठ धरून सरांनी सुताराच्या नावाने असा टाहो फोडला की सगळ्या वर्गांच्या खिडक्या डोक्यांनी भरल्या.

शाळा सुटायच्या आत कडी बसली. बिल्ला पिटुकलीकडेच राहिला आणि लंबूने तोंड पाडून का होईना, टाळ्या वाजवल्या. मी आत जाऊन कडी लावून पाहिली, काढून पाहिली, पुन्हा लावली. मग शिक्षकांच्या खोलीत आले. नोकरीला लागल्यापासून शाळेच्या वेळात मी पाण्याचा घोट घेतला नव्हता. आमच्यातली कुणीच घेत नाही. मी एक ग्लास घटाघटा प्यायले आणि दुसरा भरला. शेजारच्या चित्रकलेच्या बाई माझ्याकडे बघत राहिल्या, मग त्यांनीही आपला ग्लास पुढे केला.