धरून ठेवलेली ओळ

"टेबलराव, झालं का? एक वाजता सर्व्हर बंद करायचाय ना?"

ग्रंथपालबाई दारातच उभ्या होत्या. आत यायचा त्यांना धीर होत नव्हता. ग्रंथालयाचा डेटाबेस आणि त्यातली टेबलं, म्हणजे ओळीओळींनी भरलेले नोंदींचे तक्ते, हे गृहस्थ सांभाळत, म्हणून ते टेबलराव. नव्या वाचकांनी त्यांना सुतार समजून डुगडुगणारी टेबलं दाखवावीत, हा तिथला जुना विनोद. आज तो कुणी केला नाही. एकवीस दिवसांच्या रजेनंतर ते पहिल्यांदाच कामावर आले होते.

"होतंय, बाई. एकच नोंद राहिलीय."

ती नोंद त्यांच्या बायकोची होती. तीही इथलीच. तीन नंबरच्या टेबलापाशी बसून सभासदांच्या नोंदी दुरुस्त करायची. एका सकाळी साडेअकराला हातातलं काम टाकून उठली आणि जिन्यातच कोसळली. तिचं सभासदत्व बंद करायचं बाईंनी मुद्दाम मागे ठेवलं होतं. "वहिनींच्या नोंदीला दुसऱ्या कुणाचा हात नको वाटला," त्या म्हणाल्या होत्या.

टेबलरावांनी आज्ञा टंकली. सभासदत्व बंद, कारण मृत्यू. एंटर दाबलं.

काहीच झालं नाही. चूकही दाखवेना, उत्तरही येईना. कर्सर नुसता लुकलुकत राहिला.

"अडकलं वाटतं," बाई म्हणाल्या. "फुकटचं सॉफ्टवेअर, दुसरं काय!"

"फुकटचं नव्हे, बाई, मुक्त. वीस वर्षांत एक ओळ हरवली नाही त्यात." हे त्यांचं नेहमीचं भांडण, पण आज आवाजात जोर नव्हता. "अडकलं नाहीये. वाट बघतंय. ती ओळ आधीच कुणीतरी धरून ठेवलीय."

"कुणी?"

या घडीला डेटाबेसच्या आत कोण कोण आहे, याची यादी त्यांनी मागवली. सहा नावं आली. सहावं त्यांच्या बायकोचं. टेबल तीन. कधीपासून? एकवीस दिवस, पंचवीस मिनिटं.

बाई न राहवून आत आल्या, यादी वाचली आणि गडबडून म्हणाल्या, "अहो, मारून टाका ना मग. नेहमी मारता की तुम्ही."

बोलून गेल्यावर त्यांनी जीभ चावली. अडकलेलं सेशन 'मारायचं', म्हणजे कुणाचं उघडं राहिलेलं काम मध्येच तोडायचं, हा तिथला रोजचा शब्द. आज मात्र टेबलरावांची बोटं जागची हलेनात.

ते उठून तीन नंबरच्या टेबलापाशी गेले. पडदा काळा होता, पण खालची पेटी चालूच होती. हात लावला तर कोमट लागली. त्यांनी पडदा सुरू केला. तिची खिडकी तशीच उघडी होती.

हे काम त्यांनीच तिला शिकवलं होतं. आधी सुरू कर, बदल कर, नीट बघ, मगच पक्कं कर. पक्कं करेपर्यंत तो बदल तुझ्याशिवाय कुणालाही दिसत नाही. "म्हणजे मनातल्यासारखं," ती म्हणाली होती.

सुरू केलेलं होतं. बदल केलेला होता. पक्कं करायचं राहून गेलं होतं.

बदल एकाच ओळीत होता, तिच्या स्वतःच्या. सभासदत्व बंद. कारण: स्थलांतर. नवा पत्ता: नंतर कळवते.

तीस वर्षं ती दोघं त्याच दोन खोल्यांत राहत आली होती. घर बदलायची भाषा कधी कुणी काढली नव्हती. त्या सकाळी तर ती एवढंच म्हणाली होती, "चष्मा घेतलात ना?"

"चुकून झालं असेल हो," मागून बाई हळूच म्हणाल्या. "दुसऱ्या कुणाची नोंद असेल. क्रमांक चुकला असेल."

"असेल."

पण आपला क्रमांक ती कशी चुकेल?

एक वाजता सर्व्हर बंद झाला की पक्कं न केलेलं सगळं पुसलं जाणार होतं. आणि आता पक्कं करावं, तर त्यांचीच तिष्ठत उभी असलेली आज्ञा त्याच क्षणी पुढे सरकणार आणि तिच्या 'स्थलांतर'वर 'मृत्यू' लिहिणार. खरं तर तेच बरोबर होतं. दाखला त्यांच्या खिशात होता. टेबलात खोटी नोंद राहू द्यायची नाही, एवढ्या एकाच गोष्टीचा त्यांनी जन्मभर अभिमान बाळगला होता.

पाऊण वाजला. ते आपल्या खोलीत गेले आणि आपली आज्ञा मागे घेतली. परत येऊन तिच्या खुर्चीत बसले. खुर्ची तिच्या उंचीची, त्यांचे गुडघे टेबलाला लागले. त्यांनी 'कमिट', म्हणजे पक्कं कर, एवढाच शब्द टंकला, तिला शिकवल्याप्रमाणे ओळ पुन्हा एकदा नीट बघितली आणि एंटर दाबलं.

झालं. त्याला क्षणभरही लागला नाही.

काउंटरवरच्या पडद्याकडे बघत बाई म्हणाल्या, "टेबलराव, शेवटचा बदल वहिनींच्या नावावर पडलाय. तारीखही त्याच सकाळची."

"काम सुरू केलं तेव्हाचीच वेळ लागते, बाई. नियमच आहे तसा."

"आणि कारण? ते दुरुस्त नको करायला?"

"तिची नोंद आहे. राहू दे."



एक वाजता सर्व्हर बंद झाला, दोनला पुन्हा उठला. यादीत एकेक करून नावं आली. पाच. टेबलरावांनी ती मोजली, थोडं थांबून पुन्हा मोजली.

संध्याकाळी निघण्याआधी त्यांनी तेवढी एकच ओळ मागवली, नुसती बघायला. नवा पत्ता: नंतर कळवते. त्यांनी ती चष्मा पुसून पुन्हा वाचली आणि दिवा मालवला. उद्या जरा लवकर यावं, असं त्यांना वाटलं.