लंकाबाईचा सरळ पाय

लंकाबाई लहान असताना कोकणच्या वाटेवर घोड्यावरून पडली. मेंढरं काही कुणासाठी थांबत नसतात. बापानं मोडलेल्या मांडीला बांबूच्या कामट्या बांधल्या, पोरीला पुन्हा घोड्यावर बसवलं नि बिऱ्हाड पुढं निघालं. हाड जुळलं, पण खुब्याखाली वाकडं जुळलं. पाय तोकडा झाला तो झालाच. त्यानंतर दिवाळी झाली की ओतूरजवळच्या वस्तीवरून सगळी माणसं मेंढरं चारायला माळशेज घाट उतरून कोकणात जायची आणि लंकाबाई घर राखायला मागं राहायची. आधी आजीसोबत, मग आईसोबत, आणि आई गेल्यावर एकटी. लग्नाचं कुणी काढलं नाही. पावसाच्या तोंडावर माणसं परतायची. तोवर ती चुलीपाशी स्वतःशीच मोठ्यानं बोलायची.

पन्नाशी उलटली नि खुबा झिजला. कूस बदलता येईना, उकिडवं बसता येईना. धाकटा भाऊ गोरक्ष तिला पुण्याला घेऊन गेला. डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो उजेडावर धरला.

"एरवी आम्ही हाडाच्या पोकळीत नव्या सांध्याची सरळ दांडी बसवतो," ते म्हणाले. "तुमचं हाड वरच्या बाजूला विळ्यासारखं वाकलंय. दांडी आत जायचीच नाही, जोर केला तर हाड फुटेल. आधी हाड कापून सरळ करू, मग त्यात नवा सांधा. भरून यायला वेळ लागेल, बाई."

"चालंन का मी?"

"चालाल की."

"लई लांब?"

डॉक्टर हसले. "कुठं जायचंय तुम्हाला?"

तिनं गोरक्षकडं पाहिलं.

ऑपरेशन दिवाळीच्या तोंडावर झालं. भावजय पुष्पा सुरुवातीला उशाशी होती, पण मेंढरं निघायची वेळ झाली तशी तिला जावं लागलं. शेजारच्या खाटेवर जुन्नरच्या कापडदुकानातल्या कस्तुरबाई होत्या. त्यांचाही खुबाच बदललेला, पण हाड सरळ, त्यामुळं काम सोपं. दुसऱ्याच दिवशी त्या वॉकर धरून उभ्या राहिल्या. भोवती लेक, सुना, नात सिद्धी, नुसती जत्रा. जाताना त्यांनी विचारलं, "लंकाबाई, तुमच्याजवळ कुणीच नाही?"

"हायेत की," लंकाबाई म्हणाली. "कोकणात हायेत."

गोरक्ष कोकणातून एसटीनं येऊन तिला घरी पोचवून गेला. शेजारची बयाबाई भाकरी आणून द्यायची, घटकाभर बसायची. पाय टेकवायचा नाही, अशी डॉक्टरांची ताकीद होती. लंकाबाई खाटेवरून अंगणातली ऊन-सावली बघत राही. कापलेलं हाड जुळल्याचं फोटोत दिसलं तेव्हा वॉकर आला, मग काठी. पण पाऊल सरळ पडलं की तिला जमीनच कलंडल्यासारखी वाटायची. जन्मभर एका अंगाला झुकलेलं शरीर, ते सरळ व्हायला घाबरत होतं.

एका दुपारी ती काठीशिवाय अंगण ओलांडून बांधापर्यंत गेली. सांगायला कुणी नव्हतं. बयाबाई बाजारला गेलेली. तिनं गोरक्षला फोन लावला. रेंज नव्हती. मग ती बांधावर उभी राहून म्हणाली, "चालले बरं का मी." आणि परत फिरली.

पुढच्या दिवाळीला ती गोरक्षला म्हणाली, "औंदा मी येते."

गोरक्ष खाली बघत म्हणाला, "आन् घर, अक्का?"

"कुलूप लाव."

"तसं न्हाई... तू हाय म्हणून आमाला मागची काळजी नसती."

"मला ठावं हाय ते," ती म्हणाली. "तरी येते."

ती निघाली. सारा दिवस मेंढरांमागं चालली, थांबत, बसत, पण चालली. मढ गावाच्या पुढं, घाटाच्या अलीकडं मुक्काम पडला. पुष्पानं चूल मांडली, पोरांनी मेंढरांभोवती जाळी उभारली, कुणी कोकरं पाजली. जो तो न सांगता आपल्या कामाला लागला. लंकाबाई भांडी उचलायला वाकली, तर पुष्पा म्हणाली, "वन्सं, तुमी बसा." पाण्याला निघाली, तरी तेच. ती बसली. जेवताना कोकणातल्या कुठल्याशा पाटलाची आठवण निघाली नि सगळी खो-खो हसली. ती पण हसली, पण तो पाटील तिला माहीत नव्हता.

सकाळी गोरक्ष जवळ आला. "अक्का, हितनं ओतूरची येष्टी मिळंल. जायचं आसंल तर..."

तिला बंद घर आठवलं. तिथली खाट, आणि आपलाच आवाज.

"न्हाई," ती म्हणाली. "मला घोड्यावर सामान लादाय शिकव."

गोरक्षनं दोर हातात दिला. तिनं बांधलेली गाठ सुटली, भांडी खाली गडगडली, पोरं हसली. पुष्पानं सामान पुन्हा आवळून बांधलं. मग कोंबड्यांची पाटी लंकाबाईच्या हातात देऊन म्हणाली, "ही धरा. हलवू नगा लई."

बिऱ्हाड घाटाला लागलं. लंकाबाई पाटी सांभाळत मेंढरांच्या मागून उतरू लागली. उतारावर खुबा ठणकायला लागला, पण ते इथं कुणाला सांगायचं असतं, हे तिला अजून ठाऊक नव्हतं. ती उतरत राहिली.