डावा खांदा खाली

तीस वर्षं मी गिटार शिकवतो आणि तीस वर्षं नव्या मुलांना पहिल्या दिवशी तेच सांगतो: डावा खांदा खाली सोडा, गिटारचा दांडा जमिनीकडे झुकू द्या, डावं मनगट आत मुडपा. आमचे मास्तर असेच बसायचे. आम्ही त्यांचे सातआठ शिष्य नुसत्या बसण्यावरून ओळखू यायचो आणि त्याचा आम्हाला कोण माज! पाठ ताठ ठेवून, दांडा वर धरून वाजवणाऱ्यांना आम्ही ‘कारकून’ म्हणायचो.

लेकीला मी सातव्या वर्षी तसंच बसवलं. आता ती एकोणीस वर्षांची आहे. परवा संगीत महाविद्यालयाच्या प्रवेश परीक्षेत तिसऱ्या मिनिटाला तिचा डावा हात थांबला. अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर. परीक्षक बाईंनी विचारलं, "असं वाकडं बसायला कुणी शिकवलं तुला?" प्रवेश गेला. डॉक्टरांनी सांगितलं की मनगट वर्षानुवर्षं मुडपून ठेवल्यामुळे शीर दाबली गेली आहे. सहा महिने गिटारला हात लावायचा नाही आणि त्यानंतरही ती पूर्वीसारखी वाजवेल याची खात्री नाही.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या बाईंना काय कळतंय? मी तडक मास्तरांकडे गेलो. ब्याऐंशी वर्षांचे मास्तर खिडकीपाशी खुर्चीत बसले होते.

"मास्तर, कॉलेजला चार ओळी लिहून द्या. आपली बैठक अशीच असते म्हणून सांगा त्यांना."

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग सदऱ्याची वरची दोन बटणं काढून त्यांनी डावा खांदा उघडा केला. गळ्याखालचं हाड मध्येच उंच येऊन वेडंवाकडं जुळलेलं होतं.

"तेविसाव्या वर्षी सायकलवरून पडलो. तेव्हापासून हा खांदा वर जातच नाही. मी सरळ बसणार कसा रे?"

"आम्हाला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलंत कुठे? आधी एकानं खांदा पाडला, मग सगळ्यांनी. लोक म्हणायला लागले, काय शैली आहे! मला बरं वाटायचं. खरं सांगितलं असतं तर कीव केली असती सगळ्यांनी."

मी तडक बाहेर पडलो. रस्ताभर म्हाताऱ्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या. घराच्या जिन्यापाशी त्या संपल्या. त्यांचं निदान हाड तरी मोडलं होतं. मी धडधाकट खांदा घेऊन अक्कल गहाण टाकली होती.

लेक मनगटाला पट्टा बांधून बसली होती. मी तिला सगळं सांगितलं. ती रडेल, निदान आदळआपट तरी करेल असं मला वाटलं होतं.

"सरळ बसलं की दुखत नाही, हे मला नवव्या वर्षीच कळलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही खोलीबाहेर गेलात की मी तशीच वाजवायचे."

"मग मला सांगायचं नाही का?"

"सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, नखरे पुरेत. मग पुढे वर्षभर रोज मागे उभे राहून माझा खांदा दाबून धरायचात."

मी आठवायचा प्रयत्न केला. खरंच काही आठवेना. तसं मी म्हणालो.

"तुम्हाला कसं आठवेल, बाबा?" ती म्हणाली. "दुखत मला होतं."